कळलावी

गंगासागरकाकूंची एक सवय होती. काहीही बोलल्या की शेवटी त्या म्हणायच्या, "मी आपलं काही म्हणत न्हाई." आभाळ भरून आलंय, कपडे आत घ्या बाई, मी आपलं काही म्हणत न्हाई. आज दूध पातळ वाटून राह्यलं, मी आपलं काही म्हणत न्हाई. पहिल्या आठवड्यात मला ती नुसती लकब वाटली. कोणाला ‘काय झालं’ म्हणायची खोड असते, कोणाला ‘समजलं का’ म्हणायची, तशी. पण पुढे मी त्यांच्या घरात चार वर्षं भाड्याने राहिले, आणि ते वाक्य त्यांनी किती विचारपूर्वक जवळ बाळगलंय ते हळूहळू समजत गेलं.

मी जालन्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली ती तीर्थपुरीच्या रस्त्यावरून थोडं आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. नवऱ्याची नोकरी जालन्यात, त्यामुळे शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं असा माझा क्रम होता. गावातल्या एका घराने फाटकाजवळच्या दोन खोल्या मला दिल्या. मधे मोठं अंगण, अंगणात एकच नळ. समोर थोरल्या भावाचं स्लॅबचं घर. त्यांना सगळे दादा म्हणत. उजव्या हाताला धाकट्या भावाच्या दोन पत्र्याच्या खोल्या. गंगासागरकाकू या धाकट्याच्या बायको. आणि गोठ्याला लागून एक वेगळी खोली, तिथे या दोन भावांची बहीण राहायची, शोभाआत्या. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती शिलाई मशीनवर गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि स्वतःपुरता स्वयंपाक वेगळा करायची.

श्रावणात सातवीला फुलाचे भाग शिकवायचे होते. शाळेतून येताना कुंपणाच्या काट्यांत एक वेल फुललेली दिसली. पाकळ्या उलट्या, वरच्या बाजूला वळलेल्या, काठाला नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. पुंकेसर इतके मोठे की शेवटच्या बाकावरूनही मोजता यावेत. मी एक फुटवा तोडला आणि सकाळपर्यंत ताजा राहावा म्हणून स्टीलच्या ग्लासात पाणी घालून ओट्यावर ठेवला.

थोड्या वेळाने दादांच्या बायको, म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई, पाणी भरायला आल्या. ग्लास पाहिला आणि कळशी तिथेच ठेवून मागे सरल्या. त्यांनी दादांना हाक मारली. दादा बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, आणि दारातच उभे राहिले. मला वाटलं, सापाबिपाचं काही असेल. तेवढ्यात काकू आपल्या खोलीतून आल्या. त्यांनी ग्लास उचलला, फाटकाबाहेर जाऊन फूल कुंपणात टाकलं, नळावर ग्लास घासून धुतला आणि माझ्या हातात दिला.

"ह्याला कळलावी म्हणतात बाई," त्या म्हणाल्या. "घरात आणली की भांडणं लागतात. आन ह्या घरात एक हायेच. दोन मावायच्या न्हाईत."

हसल्या नाहीत. दुसरंही कोणी हसलं नाही. त्या दिवशी ते नेहमीचं वाक्यही त्यांनी शेवटी जोडलं नाही.

दुसरी कळलावी कोण, ते मला संध्याकाळी दादांच्या मुलीने सांगितलं. अश्विनी तेव्हा अकरावीला होती आणि गणितं विचारायला माझ्याकडे यायची. "आमच्या काकू," ती म्हणाली, जणू मला हे माहीत असायलाच हवं होतं. "आजीनं नाव पाडलं होतं. आता सगळं गावच म्हणतं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं, काही अश्विनीकडून, काही शेजारणींकडून, आणि बरंच नंतर खुद्द काकूंकडून. काकूंचं माहेर परतूरकडचं. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी नणंदेचं, म्हणजे शोभाचं लग्न ठरत होतं. स्थळ परतूरच्याच बाजूचं होतं, शेती चांगली होती. मुलाचं नाव ऐकलं आणि काकूंच्या लक्षात आलं की या माणसाचं लग्न आधीच झालेलं आहे. बायको त्यांच्याच माहेरच्या गावची, कमल नावाची. मूल होत नाही म्हणून तिला माहेरी आणून सोडली होती. नांदायला नेत नव्हते आणि फारकतही देत नव्हते. काकूंनी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आपण लहान, आपण बोलायचं नाही. सासूला सांगितलं. सासू म्हणाली, बघू. सुपारी फोडायचा दिवस उजाडला, पाहुणे येऊन बसले, चहा झाला, तरी कोणी काही बोलेना. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची ही नवी सून दारात येऊन उभी राहिली आणि तिने मुलाच्या मामाला सगळ्यांसमोर विचारलं, की आमच्या कमलचं काय केलं तुम्ही?

त्यानंतर ओट्यावर जे झालं ते गाव अजून सांगतं. धराधरी झाली, कोणाचा तरी सदरा फाटला, पाहुणे न जेवता उठून गेले. मुलाची पहिली बायको खरंच आहे हे दोन दिवसांत सिद्ध झालं, पण त्याने काही बदललं नाही. ठरत आलेलं लग्न ओट्यावर मोडलं अशी मुलगी म्हणून शोभाचं नाव झालं. नंतर स्थळं आली ती कमी आली, मग बिजवरांची आली, मग वडील गेले आणि कोणी शोधणारं उरलं नाही. सासूने त्याच आठवड्यात सुनेचं नाव पाडलं. कुंपणात दरवर्षी ती वेल उगवायची. सासू आल्यागेल्याला बोट दाखवून सांगायची, एक कळलावी बाहेर हाये आन एक आत हाये. सासू गेली, नाव राहिलं.

शोभाआत्या त्या दिवसापासून काकूंशी बोललेली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं. एका अंगणात, एका नळावर. काही सांगायचं झालंच तर ती गोठ्यात म्हशीला सांगायची. "म्हशे, तुझ्या मालकिणीला सांग, पेंड संपली." मग काकू चुलीपाशी बसून म्हशीलाच उत्तर द्यायच्या, की उद्या येईल म्हणावं. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. महिनाभराने हसू येईनासं झालं.

त्या फुलाचं मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. माझे वनस्पतिशास्त्राचे सर निवृत्त होऊन परतूरला राहत होते. एका रविवारी मी त्यांना फोन केला. सर म्हणाले, या वेलीला नावं पुष्कळ आहेत. ज्वाळेसारखी दिसते म्हणून अग्निशिखा. पाकळ्या वाघाच्या नखांसारख्या वळतात म्हणून वाघनखी. कळलावीचं मात्र लोक दोन तऱ्हांनी सांगतात. एक, कळ म्हणजे भांडण, ते लावणारी. दुसरी, कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. पूर्वी एखादी बाई अडली, कळा येईनात, तर या वेलीचा कंद उगाळून तिच्या बेंबीभोवती लावत. कळा याव्यात म्हणून. ती कळ लावणारी. सरांच्या मते हा अर्थ जुना असावा, कारण संस्कृतातही हिचं एक नाव गर्भाशी जोडलेलं आहे. कंद भयंकर विषारी. त्यापायी किती बाया गेल्या असतील, कोण जाणे. घरात मुलं असतात, दावणीला जनावरं असतात, म्हणून ही घरात आणू नका असं कोणी शहाण्याने सांगून ठेवलं असेल. कारण विसरलं गेलं, ताकीद राहिली, आणि मग लोकांनी कळ या शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन भांडणाची गोष्ट रचली. "हा माझा अंदाज," सर म्हणाले. "कुठं लिहिलेलं सापडणार नाही."

मला फार आनंद झाला. काहीतरी हातात घेऊन यावं तशी मी काकूंकडे गेले. त्या सुपात तूरडाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"म्हंजे आधी ती बाईच्या कामाची होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन मंग भांडणाची झाली."

"हो. लोकांनी केली."

त्यांनी दोन खडे बाजूला टाकले. "सर शिकलेले हायेत, बराबरच सांगत असतील. पर बाई, हे तुम्ही गल्लीत जाऊन कोणाला सांगणार? लोकांला नाव पुरतं. ते कशावरून पडलं, कोणी इचारीत न्हाई." मग सूप पाखडून झाल्यावर म्हणाल्या, "आन बाळंतिणीला लावली तरी कळच येती. मी आपलं काही म्हणत न्हाई."

मी त्यांना त्यांचं नाव परत द्यायला निघाले होते. त्यांनी ते नीट पाहिलं आणि माझ्याच हातात ठेवलं.

चार वर्षांत मी काकूंना कोणाच्या लग्नाला गेलेलं पाहिलं नाही. हळद दळायला, रुखवत मांडायला गल्लीतल्या सगळ्या बायका जायच्या. त्यांना बोलावणं यायचं नाही, आणि चुकून आलंच तर त्या डोकं दुखतंय म्हणायच्या. अंगणात कोणाच्या सोयरिकीचं बोलणं निघालं की कोणीतरी डोळ्याने खूण करायचं, आणि बोलणं कापसावर नाहीतर पावसावर जायचं. घरात पाहुणे यायचे असले की काकू आधीच विळा घेऊन शेतात जायच्या आणि दिवस मावळल्यावर यायच्या. त्यांना कोणी जा म्हणत नसे. त्यांच्या जाण्याने सगळ्यांना हायसं वाटतं हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचा मुलगा वाळूजला कंपनीत होता. आई, इकडेच येऊन राहा, असं तो फोनवर सारखा म्हणायचा. त्या आठ दिवसांसाठी जायच्या आणि पाचव्या दिवशी परत यायच्या. एकदा मी विचारलं, तिथे चांगलं आहे तर राहत का नाही? त्या म्हणाल्या की मी गेले तर लोक म्हणतील पळाली. मग खरं कारण सांगितलं.

"शोभाताई हितं एकली हाये. ती हितं अडकली ती माझ्यापायी. मंग मी कशी जाऊ?"

पण त्याच बोलण्यात त्यांचा आवाज वर चढला. मी खोटं बोलले नाही, असं त्या म्हणाल्या. कमलचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शोभाताई त्या घरात गेली असती तर तिचीही तीच गत झाली असती. घरात कोंडून राहिली ते वाईट, पण जिवानिशी वाचली. हे सांगताना काकू ताठ बसल्या होत्या. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं काढली होती, आणि या गोष्टीला त्यांनी आपल्या नेहमीच्या वाक्याचं शेपूट कधीच लावलं नाही.

अश्विनी बारावी झाली. तिला जालन्याला फार्मसीला जायचं होतं. मार्क चांगले होते, मीच तिला माहिती आणून दिली होती. दादांनी मात्र स्थळ पाहून ठेवलेलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची शेती, माणसं साधी. नाव ठेवायला कुठेही जागा नव्हती. अश्विनी आईजवळ रडली. आई म्हणाली, लग्नानंतर शीक.

एका दुपारी मी काकूंच्या चुलीपाशी बसले होते. अश्विनी आत आली, दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाली, "काकू, माझं लग्न मोडा."

काकूंच्या हातात भाकरीचा उंडा होता. तो तसाच राहिला. "मला कशाला सांगती?"

"तुम्हाला येतं. सगळे म्हणतात."

मुलगी चिडवत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लहानपणापासून जे ऐकत आली त्यावर तिचा विश्वास होता आणि आता तिला त्याचा उपयोग करून घ्यायचा होता. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी उंडा परातीत आपटला आणि तिला जायला सांगितलं. मी कोणाचं काही मोडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि अश्विनी गेल्यावरही तेच दोन-तीनदा पुटपुटल्या. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही.

सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. मुलात काही खोट आहे का, तुमच्या कानावर काही आलंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, तसं काही नाही. चांगला मुलगा आहे.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "खरं बोलावं तर बोलण्यासारखं बी काही न्हाई ह्या वक्ती."

सुपारीचा दिवस ठरला. पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी दादांच्या ओट्यावर सतरंजी घातली, भावकीतले दोन म्हातारे येऊन बसले, काकूंचे यजमानही एका कडेला टेकले. मी ताटं-पेले काढून द्यायला थांबले होते. काकू नेहमीसारख्या विळा घेऊन निघाल्या. फाटकापर्यंत गेल्या. तिथे उभ्या राहिल्या, मग वळल्या, विळा नळाजवळ ठेवला आणि दादांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, दोन्ही हातांनी चौकट धरली होती. धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही, त्या घरात तर नाहीच.

"दादा, पोरीला इचारा," त्या म्हणाल्या. "तिला शिकायचंय."

मी त्यांच्या शेवटच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं नाही.

दादा ओरडले नाहीत. ते फार शांतपणे बोलले, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "एक घरात बसवली तुम्ही. आता दुसरी बी बसवायची का?"

काकू म्हणाल्या की मी तेव्हा खरं बोलले होते. शोभाताईला फसवून राह्यले होते लोक, तिला वाचवायला बोलले.

"मला कोणी फसवलं न्हवतं, वैनी."

आवाज अंगणातून आला. शोभाआत्या आपल्या खोलीतून निघून अंगणाच्या मधे आली होती. गळ्यात टेप तसाच होता. ती म्हशीकडे पाहत नव्हती. काकूंकडे पाहत होती.

"त्याची पहिली हाये हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "परतूरच्या मावशीनं सांगितलं होतं, तुमच्या बी आधी. तरी मी जाणार होते. ह्या घरातून कसं बी करून बाहेर पडायचं होतं मला. वाईट तर वाईट. तिथलं तिथं मी बघितलं असतं."

काकूंनी चौकट सोडली होती.

"तुम्ही मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं," शोभाआत्या म्हणाली. मग ती दादांकडे वळली. "तुम्ही बी इचारलं न्हाई. आईनं न्हाई, बाबानं न्हाई. पोरगी हितंच हाये, आतल्या खोलीत. तिला तरी इचारा."

एवढं बोलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने भावकीतल्या एका म्हाताऱ्याने खाकरून म्हटलं, विचारायला काय हरकत आहे, बोलवा. अश्विनी आली, जमिनीकडे बघत उभी राहिली, आणि जेमतेम ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली की मला शिकायचंय. दादांनी बराच वेळ मोबाईल हातात धरून ठेवला. मग फोन लावून पाहुण्यांना येऊ नका म्हणाले. अश्विनी त्या जूनमध्ये जालन्याला गेली. दादा मात्र काकूंकडे पाहीनासे झाले.

मला वाटलं होतं, काकूंना बरं वाटेल. त्या आजारी माणसासारख्या झाल्या. शेण काढायच्या, धारा काढायच्या, भाकरी करायच्या, पण अंगात जीव नसल्यासारख्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही त्या वेळी जे दिसलं ते केलं, असं मी समजावलं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "तवा चूल एकच होती. रोज आम्ही दोघी बसायचो. मी भाकरी थापायचे आन ती भाजायची. भाकरी करता करता इचारता आलं असतं. मी सगळ्यांला सांगत फिरले, आन तिला सोडून."

मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी शोभाआत्याकडे ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. त्या आठवड्यात मी जालन्याला गेले नव्हते. काकू दारात आल्या. आत आल्या नाहीत. मशीन चालू होतं.

"शोभाताई, तुमाला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मशीन चालूच राहिलं. बाहीची शिवण पूर्ण झाली, दोरा तुटला, तेव्हा शोभाआत्याने चष्मा काढला. इतका वेळ गेला होता की मला वाटलं, ती म्हशीलाच काहीतरी सांगेल.

"तीर्थपुरीला राहायचंय," ती म्हणाली. "मशीन घिऊन. एक खोली. कोणाच्या जिवावर न्हाई."

"बरं," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या घरात खरोखर भांडण झालं. माझ्या देखत झालेलं ते पहिलं, आणि ते काकूंनी लावलं. शेतात बहिणीचाही वाटा आहे, तो तिच्या नावे करा, असं त्यांनी अंगणात उभं राहून मागितलं. दादा म्हणाले, जन्मभर आम्ही सांभाळलं, आता बाजारपेठेत एकटी बाई राहणार, घराण्याची अब्रू कुठे राहिली. थोरल्या जाऊबाई रडल्या. गल्ली जमली. मी कट्ट्यावर वह्या तपासत बसले होते, तिथपर्यंत लोकांचे शब्द ऐकू येत होते, नाव तर सारखंच ऐकू येत होतं. काकूंनाही येत असणार. कापसाची वेचणी सुरू झाली तरी ते मिटलं नाही. रोज एखाद्या वळणावर पुन्हा निघायचं. काकू विळा घेऊन शेतात पळाल्या नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, तुमच्यातलं देऊ नका, आमच्या वाट्यातलं द्या. आणि नवऱ्याकडे पाहिलं. काका दावं वळत बसले होते. मी तोवर त्या माणसाचं सलग वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी दाव्याला गाठ मारली आणि म्हणाले, "द्यायचं." पुढे कागद झाले, जमीन बटईने लावून दिली, आणि तीर्थपुरीत बाजाराच्या मागे एक खोली मिळाली.

सामान ते काय. शिलाई मशीन, एक ट्रंक, शेगडी, गोधड्या, पाण्याची टाकी. छोटा टेम्पो केला. दादा घरात नव्हते. थोरल्या जाऊबाई फाटकापर्यंत आल्या आणि शोभाआत्याच्या हातात त्यांनी लोणच्याची बरणी दिली. काकू आणि मी टेम्पोच्या मागे बसून गेलो. खोली चार पावलांत संपत होती, पण खिडकी रस्त्यावर उघडत होती. काकूंनी फरशी घासली, पाणी भरलं, शेगडी लावली, चहा केला. दोघी फारसं बोलल्या नाहीत. मशीन इकडे ठेवू का तिकडे, एवढंच. शोभाआत्याने मशीन खिडकीखाली ओढून घेतलं आणि लगेच त्यात दोरा ओवायला बसली, जणू गिऱ्हाईक बाहेर थांबलंय.

उन्हं कलली. गावाकडची शेवटची जीप चुकू नये म्हणून काकू उठल्या, पिशवी घेतली.

"वैनी," शोभाआत्या सुईकडे बघत म्हणाली, "आजच्या दिवस राहा."

काकू दारातच थांबल्या. मग म्हशीचं कोण करील म्हणाल्या, पुन्हा येते म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडून चपला शोधू लागल्या. चपला समोरच होत्या. मी त्या पुढे सरकवल्या.

जीप नेहमीसारखी ठासून भरलेली होती. आम्हाला मागच्या फळीवर जागा मिळाली, गुडघ्याला गुडघा लावून. तीर्थपुरी मागे पडली, दोन्ही बाजूंना कापसाची रानं लागली. काकू बाहेर बघत होत्या.

"राहा म्हणली ती," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या.

मी म्हणाले, मग राहायचं होतं. घरी मी सांगितलं असतं, काकांनी धारा काढल्या असत्या.

त्यांनी मान हलवली. "आज न्हाई. तिला एक रात आतून कडी लावून एकलं झोपू द्या."

फाट्यावर जीप थांबली. आम्ही उतरलो आणि चालत निघालो. घराजवळ आलो तेव्हा दादांच्या ओट्यावरचा दिवा लागलेला होता आणि ओट्यावर दोन-तीन माणसं बसलेली दिसत होती. आम्हाला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. काकूंनी पदर डोक्यावर ओढला, पिशवी काखेत धरली आणि फाटक उघडून आत गेल्या.